फळं, मिठाई, कुनाफा: आईस्क्रीमचे स्वाद बदलले, बेस बदलला का?

सांचा_मीठ (धागाकर्ता)

पार्लरच्या पाटीवर एकेकाळी व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, पिस्ता, बटरस्कॉच, टूटीफ्रूटी आणि फार तर केशर-पिस्ता एवढ्यावर भागायचं. पांढरं मिश्रण (बेस) एकच, स्वाद बाटलीतला. दहा किलो मिश्रणात झाकणभर इसेन्स आणि चिमूटभर रंग पडला की पाटीवर नवं नाव. पिस्त्याचा वास तर बऱ्याचदा बदामाच्या इसेन्सचा असायचा. इसेन्सचं वजन नगण्य असल्यामुळे मिश्रणाच्या गणिताला धक्का लागत नव्हता.

१९८४ मध्ये रघुनंदन कामतांनी जुहूला नॅचरल्स सुरू केलं आणि सीताफळ, शहाळं असली फळं आईस्क्रीममध्ये खायची सवय मुंबईला लागली. पुढे गर उणे १८ अंशांवर ठेवायची सोय गावोगाव झाली, म्हणून सीताफळ आता एप्रिलमध्येही मिळतं. मग मिठाया आल्या: गुलाबजाम, रसमलाई, पुरणपोळी, गणपतीत मोदक. त्यानंतर बिस्कॉफ, सॉल्टेड कॅरमेल, ब्लूबेरी चीजकेक. २०२३ च्या अखेरीस दुबईच्या पिस्ता-कुनाफा (कुनाफा म्हणजे बारीक शेवयांची अरबी मिठाई) चॉकलेटचे व्हिडिओ फिरले आणि त्याची लाट आईस्क्रीमवरही आली.

खाणाऱ्याला हा नुसता स्वादातला बदल वाटतो. बनवणाऱ्याच्या पातेल्यात मात्र आता १० ते २५ टक्के परकी वस्तू पडते आणि ती आपलं पाणी, साखर, आंबटपणा, तेल घेऊन येते. तरी बेस बहुतेक ठिकाणी जुनाच असतो. तक्रारींचं मूळ तिथे आहे.

उदाहरणासाठी १० किलो साधा बेस घेऊ. ६ टक्के फॅटचं म्हशीचं दूध ४ किलो ८५० ग्रॅम, २५ टक्के फॅटचं क्रीम ३ किलो २५० ग्रॅम, दूध पावडर ४२० ग्रॅम, साखर १ किलो ४५० ग्रॅम, स्टॅबिलायझर-इमल्सिफायर (पाणी आणि फॅट बांधून ठेवणारी पूड) ४० ग्रॅम. यात फॅट ११ टक्के, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घनपदार्थ) साडेदहा, एकूण घनपदार्थ ३६.४ टक्के बसतात. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात ‘आईस्क्रीम’ म्हणायला दुधाचं फॅट किमान १० टक्के, एकूण घनपदार्थ किमान ३६ टक्के आणि वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम लागतं. म्हणजे व्हॅनिलाला हा बेस पास.

आता याच बेसच्या ८ किलोत २ किलो हापूसचा गर घाला. फॅट आलं ८.८ टक्क्यांवर. गराचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) १७ धरला तर घनपदार्थ ३२.५ टक्क्यांवर घसरले. डब्यावर ‘आईस्क्रीम’ लिहिलंय, आत मात्र नियमाप्रमाणे ‘मीडियम फॅट आईस्क्रीम’. शिवाय मोकळं पाणी वाढल्यामुळे दोन आठवड्यांत बर्फाचे कण जिभेला लागणारच.

फळाचा बेस वेगळा काढणारे इथे कोण आहेत? आकडे द्या.

गोठा_ते_कप

फॅटचा हिशोब बरोबर आहे, पण एक राहिलं: दुधाचं प्रथिन किमान साडेतीन टक्के. एसएनएफमध्ये प्रथिन साधारण ३७ टक्के असतं. तुमच्या आंबा मिश्रणात एसएनएफ उरतो ८.४, म्हणजे प्रथिन ३.१. नुसतं क्रीम वाढवून फॅट १० वर आणलंत तरी इथे नापास व्हाल.

२० टक्के गरासाठी फळाचा बेस असा लागतो: फॅट १२.५, एसएनएफ १२.२, साखर १६, स्टॅबिलायझर-इमल्सिफायर अर्धा टक्का, एकूण ४१.२. यात २० टक्के गर पडला की फॅट १०, प्रथिन ३.६, घनपदार्थ ३६.४. साखर १२.८ अधिक गरातली ३, म्हणजे गोडीही जागेवर.

दोन पथ्यं. हा बेस तसाच गोठवून व्हॅनिला म्हणून विकू नका. एवढ्या एसएनएफला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खडे धरते आणि आईस्क्रीम वाळूसारखं कचकचतं. गर पडला की ती विरळ होते म्हणूनच हे जमतं. दुसरं, गर उकळत्या किंवा कोमट मिश्रणात कधीच नाही. पाश्चरायझेशन (८० अंशांना २५ सेकंद, किंवा साध्या टाकीत ६९ अंशांना ३० मिनिटं), होमोजिनायझर (फॅटचे थेंब बारीक करणारं यंत्र), ४ अंशांवर किमान ४ तास, शक्यतो रात्रभर एजिंग (थंड मुरवणं), आणि मग बॅच फ्रीजरमध्ये (फेटत गोठवणाऱ्या यंत्रात) ओतायच्या आधी थंड गर. आंब्याचा आंबटपणा गरम दुधाला फाडतो. ४ अंशांवर तेच दूध निमूट राहतं.

थंडा_फराळ

तांत्रिक भाग छान, पण ‘बदलले’ हा शब्द जरा जपून. पाटीवरची नावं बदलली, टबातली नाहीत. घरी न्यायच्या फॅमिली पॅकमध्ये अजून व्हॅनिला, बटरस्कॉच, चॉकलेट, आंबा हेच चालतं, कारण टब चौघांच्या मताने घेतला जातो. कुनाफा हा एकट्याने, एकदा, फोटो काढून खायचा स्कूप. व्हॅनिलाला तर पर्यायच नाही: जिलेबीबरोबर तोच, ब्राउनीवर तोच, कोल्ड कॉफीत तोच. पुण्याच्या मस्तानीत वरचा गोळा कोणताही चालतो, पण दूध घट्ट करायला बहुतेक ठिकाणी साधं आईस्क्रीमच पडतं.

१६ खणांचं काउंटर असेल तर १० खण जुने, ४ मोसमी फळं, २ चालू लाट, ही विभागणी टिकते. उलटं केलं की ‘नवीन’ ट्रे तीन आठवडे उघडा राहतो, वर बर्फ धरतो, आणि तो खरवडून विकण्यातच नाव जातं. लाटेतल्या वस्तूची बॅच ५ किलोच्या वर काढू नये.

बाकी बटरस्कॉचला नुसता इसेन्स म्हणणं अन्याय आहे. त्याचा जीव त्या कुरकुरीत दाण्यात. १०० ग्रॅम साखर कोरडीच वितळवून तांबूस करायची, गॅस बंद, १० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम काजूचा चुरा, तूप लावलेल्या ताटात पातळ पसरायचं, गार झालं की कुटायचं. साखर करपली तर दाणा कडू, फिकी राहिली तर नुसता गोड आणि चिकट. हा दाणा पाणी ओढतो, म्हणून दमट हवेत उघडा ठेवू नये, आणि आईस्क्रीममध्ये टाकायच्या आधी वितळलेल्या कोकोआ बटरमध्ये घोळवला तर आठवडे कुरकुरीत राहतो. न घोळवता टाकलात तर पंधरा दिवसांत पिवळं ओघळ.

बी_काढा

सीताफळावर वेगळं लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त वाट त्याचीच लागते.

सीताफळाचा गर तापवू नये. साठ अंशांच्या पुढे गेला की कडवट होतो आणि रंग तपकिरी-गुलाबी पडतो. ‘सुरक्षित व्हावं म्हणून उकळून घेतला’ म्हणणाऱ्याच्या आईस्क्रीमला जळक्या बटाट्यासारखी चव येते ती यामुळे. मग स्वच्छता कुठून? फळापासून. पूर्ण पिकलेलं पण न फुटलेलं फळ निवडायचं, साल क्लोरीनच्या पाण्यात (५० ते १०० पीपीएम) ५ मिनिटं बुडवून साध्या पाण्याने धुवायची, हातमोजे, स्टीलची भांडी, आणि काढलेला गर तासाभरात फ्रीजरमध्ये.

काळं पडणं वेगळं. गर उघडा पडला की त्यातलं विकर (एन्झाइम) हवेशी खेळायला लागतं. किलोला १ ते २ ग्रॅम अॅस्कॉर्बिक अॅसिड ढवळून, पिशवीतली हवा काढून, एक-एक किलोच्या चपट्या पिशव्या करायच्या. चपट्या अशासाठी की लवकर गोठतात आणि वापरताना फ्रीजमध्ये एका रात्रीत सुटतात. पाच किलोचा गोळा बाहेर उकळत्या पाण्यात सोडवायला गेलात की कडेचा गर शिजलाच.

बिया मिक्सरला लावू नयेत हे सांगायला नको, पण पल्पर (गर काढायचं यंत्र) लावणारेही फसतात. पाती बियांना घासली की बारीक चुरा गरात येतो आणि कडवटपणा, झोंबरेपणा येतो. रबरी पट्टीचा पल्पर हळू फिरवायचा, किंवा मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर हाताने. गाभ्याजवळचा गुळगुळीत भाग वेगळा ठेवून पाकळ्या शेवटी टाकल्या तर घासाला फळ कळतं. सालीला चिकटलेला रवाळ थर मात्र खरवडू नका, तो जिभेवर वाळूसारखा येतो आणि लोक दुधाला दोष देतात.

जातीचं म्हणाल तर बाळानगरीला वास जास्त, बिया जास्त. एनएमके-१ गोल्डनला गर भरपूर, बिया कमी, टिकाऊपणा बरा, पण वास सौम्य. दोघांचं मिश्रण करणं परवडतं. गराचा ब्रिक्स २२ ते २६ असतो, म्हणून आंब्याच्या बेसमधली साखर इथे १६ वरून १४ वर आणा, नाहीतर गुळमट होईल.

मिठाचा_खडा

@बी_काढा, +१. पेरू आणि जांभळाचं मी भर घालतो.

पेरूच्या गरात रवाळ कण असतात, ते शिजवून जात नाहीत. गर एक मिलिमीटरच्या आणि मग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. गुलाबी पेरूचा रंग दुधात टिकतो, पांढऱ्याचा मळकट दिसतो. तिखट-मीठ मात्र मिश्रणात घालू नका, वरून भुरभुरवा. मीठ साखरेसारखंच गोठणबिंदू खाली आणतं, पण वजनाला वजन धरलं तर साखरेच्या दहापटीहून जास्त. किलोला ५ ग्रॅम मीठ पडलं तर मिश्रणात जणू ५ ते ६ टक्के जास्त साखर पडल्यासारखं ते मऊ होतं आणि काउंटरवर ढासळतं. सॉल्टेड कॅरमेलचंही हेच. १० किलोला ३५ ग्रॅम मीठ घालणार असाल तर आधी डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची पूड) किंवा साखर कमी करा.

जांभूळ दुधात घातलं की जांभळा रंग जाऊन राखाडी-निळसर का होतो, हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. तो रंग आंबट पाण्यात लालसर राहतो, दुधाच्या जवळजवळ उदासीन, म्हणजे आंबटपणा नसलेल्या, पाण्यात निळ्याकडे झुकतो. शिवाय जांभळातलं तुरट द्रव्य दुधाच्या प्रथिनाला चिकटतं. तुरटपणा कमी होतो हा फायदा, बारीक गुठळ्या दिसतात हा तोटा. लिंबू पिळून रंग परत आणायला जाल तर दूध फाटेल. सरळ सॉर्बेट करा: गर ४० टक्के, एकूण साखर २७ टक्के (त्यातली पाचवा हिस्सा डेक्स्ट्रोज), स्टॅबिलायझर ०.४, थोडं काळं मीठ, उरलेलं पाणी. रंग झगझगीत येतो. फक्त डब्यावर त्याला आईस्क्रीम म्हणू नका.

नवखा_स्कूप

शहाळ्याचे तुकडे आईस्क्रीममध्ये बर्फाच्या खड्यांसारखे लागतात. मलई कोवळीच घेतली होती, तरी. काय चुकतंय?

गोठा_ते_कप

@नवखा_स्कूप, चूक मलईत नाही, तिच्यातल्या पाण्यात आहे. कोवळ्या मलईत साखर अगदी कमी, पाणी भरपूर. उणे १४ अंशांच्या काउंटरवर बाजूचं आईस्क्रीम मऊ असतं कारण त्यात साखर आहे. मलईचा तुकडा मात्र पुरता गोठतो.

पाक करा: साखर ३०, डेक्स्ट्रोज १५, पाणी ५५. पाक ८० अंशांवर आणून मलईच्या ४-५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या २ मिनिटं बुडवा, लगेच थंड करा आणि त्याच पाकात फ्रीजमध्ये ४ ते ६ तास राहू द्या. तापवल्याने वरचे जंतूही जातात. पाश्चराइज्ड मिश्रणात कच्ची मलई टाकणं हा उघड धोका आहे. निथळून मग वापरा.

१० किलोला मलई दीड ते दोन किलो. त्यातली दोन तृतीयांश वाटून मिश्रणात, उरलेली पट्ट्या म्हणून फ्रीजरमधून काढताना. वाटताना शहाळ्याचं पाणी सढळ हाताने घालू नका. त्यात घनपदार्थ पाचेक टक्केच, म्हणजे तुम्ही चवीच्या नावाने पाणी विकत घालताय. घालायचंच तर १० किलोला अर्धा लिटर, आणि तेवढं दूध कमी करून पावडर वाढवा. पिवळट, करकरीत खोबरं झालेलं शहाळं वेगळं काढा. त्याचा तेलकट थर टाळूला चिकटतो.

थंडा_फराळ

याच नियमाने काजू-द्राक्षातला बेदाणा दगड का होतो तेही सुटतं. बेदाणे कोमट पाकात रात्रभर. काजू उलट, पाण्यात कधीच नाही: १५० अंशांवर ८-१० मिनिटं भाजून, गार करून, थोड्या लोण्यात घोळवून.

पान_सुपारी_नको

मसाला पान हा कुल्फीपासून रोलपर्यंत सगळीकडे घुसलेला स्वाद, आणि नव्वद टक्के ठिकाणी तो हिरवा रंग अधिक गुलकंदाचा इसेन्स असतो. खऱ्या पानाचं करायचं तर:

किलो मिश्रणाला मध्यम आकाराची १० पानं, शिरा काढून. थोड्या बर्फगार दुधात वाटायची आणि गाळून लगेच थंड मिश्रणात. पान शिजवलं की वास उडतो आणि हिरवा रंग शेवाळी होतो. हिरवेपणा टिकावा म्हणून कोणी चिमूटभर चुना सुचवतात. पानाला चुना लागतो, गिऱ्हाइकाला लावू नका. दुधाला साबणासारखी चव येते.

गुलकंद ८ टक्के घातला तर त्याबरोबर साधारण ५ टक्के साखर येते, म्हणून बेसची साखर साडेचौदावरून दहावर आणा. नाहीतर पान आईस्क्रीम कधी नीट घट्ट होतच नाही, आणि लोक फ्रीजर बिघडला समजून मेकॅनिकला बोलावतात. साखर लावलेली बडीशेप आणि धनाडाळ शेवटी, वाढताना. आत टाकली की दोन दिवसांत तिचा रंग ओघळतो.

खवा_खाऊ

मिठायांबद्दल. गुलाबजाम तुकडे करून टाकायचा मोह आवरा; कापलेल्या बाजूने पाणी सुटतं. ८-१० ग्रॅमचे छोटे अख्खे जाम, ६० ब्रिक्सच्या पाकात मुरवलेले, जाळीवर अर्धा तास निथळलेले. पातळ पाकातला जाम उणे १४ ला बर्फाचा चेंडू होतो. रसमलाईचा छेना त्याहून वाईट, तो स्पंजच. दाबून पाणी काढायचं, आटवलेल्या गोड रबडीत मुरवायचं आणि कुस्करून टाकायचं. अख्खी चकती रबरासारखी चावत बसावी लागते.

पुरणपोळीचं आईस्क्रीम बहुतेक जण पोळीचे तुकडे टाकून बिघडवतात. पोळी आईस्क्रीममध्ये ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. त्यातली खरी वस्तू पुरण. डाळ एरवीपेक्षा जास्त शिजवून, पुरणयंत्रातून दोनदा काढून, वर बारीक चाळणी. १५ टक्के पुरे. वीसच्या पुढे डाळीचा पिठूळपणा टाळूला लागतो. डाळीतला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे स्टॅबिलायझर अर्धा करता येतो. गूळ उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं, हे प्रत्येक घरात माहीत आहे, तरी कारखान्यात तीच चूक होते. पुरण थंड करून थंड मिश्रणात. आणि गुळात थोडी ग्लुकोज-फ्रुक्टोज असते, ती साखरेपेक्षा जास्त मऊ करते, म्हणून गुळाचा स्कूप लवकर ढासळतो. एकूण गोडवा टक्काभर कमी ठेवा. कुरकुरीतपणा हवाच असेल तर तुपात तळलेल्या पोळीचा चुरा वाढताना वरून.

सांचा_मीठ

@गोठा_ते_कप, प्रथिनाचा मुद्दा मान्य, मूळ गणितात तो सुटला होता. पण फळाचा बेस प्रत्येक फळाला वेगळा करणं छोट्या युनिटला झेपत नाही. ६० लिटरच्या एका टाकीत दोन बेस एका दिवशी निघतात: एक साधा, एक फळाचा. फळ बदललं की फक्त साखर मागाहून पाक करून जुळवायची. त्यासाठी फळाचा बेस मुद्दाम १३ टक्के साखरेचा ठेवा आणि बॅचमध्ये गराचा ब्रिक्स मोजून उरलेली साखर ६५ ब्रिक्सच्या पाकातून द्या. पाकाबरोबर येणारं पाणी घनपदार्थांच्या हिशोबात धरा, आणि पाकाच्या वजनाने फॅट आणि प्रथिन पातळ होतं म्हणून बेसचं फॅट साडेतेरा आणि एसएनएफ पावणेतेरा धरून चला. हातातला रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं साधन) नसेल तर हे सगळं अंदाजपंचे. गराचा ब्रिक्स एकाच आठवड्यात १४ ते २० असा हलतो.

कुरकुर

कुनाफाची सगळी किंमत त्या ‘कुर्र’ आवाजात आहे आणि तीच सगळ्यात आधी जाते. शेवया कोरड्या, आईस्क्रीम ओलं. ओल कोरड्याकडे सरकते, फ्रीजरमध्येसुद्धा. उपाय तेलकट कवच. कुनाफाच्या शेवया १०० ग्रॅम, १ सेंटिमीटरचे तुकडे, १५ ग्रॅम तुपात मंद आचेवर एकसारखा सोनेरी रंग येईपर्यंत. मोठ्या आचेवर वरून तांबूस, आतून कच्च्या राहतात आणि तासात मऊ पडतात. पूर्ण गार झाल्यावर ६० ग्रॅम वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये घोळवायच्या, पातळ पसरून गोठवायच्या, तोडून आईस्क्रीममध्ये थर म्हणून. गरम शेवयांवर चॉकलेट ओतलं तर ते मुरून जातं, कवच होत नाही. बिस्किटाच्या चुऱ्यालाही हेच लागू.

चॉकलेटचे तुकडे मेणासारखे कडक लागत असतील तर चॉकलेटमध्ये वजनाच्या १० ते १५ टक्के खोबरेल (खाण्याचं, वास काढलेलं) वितळवा. तोंडात लगेच सुटतं.

पिस्त्याची पेस्ट घेताना मागचं लेबल वाचा. ‘पिस्ता स्प्रेड’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक डब्यांत आधी साखर, मग पाम तेल, आणि पिस्ता शेवटी. असलं स्प्रेड मिश्रणात फेटलंत तर वनस्पती तेल आत गेलं, आणि मग ‘आईस्क्रीम’ नाव सांभाळणं अवघड. वनस्पती तेलाच्या मालाला फ्रोझन डेझर्ट म्हणावं लागतं. शुद्ध पिस्ता पेस्ट ८ टक्के पुरते. तिच्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, ते फेटताना हवा धरू देत नाही. ओव्हररन (फेटताना आत शिरणारी हवा) कमी येणार हे धरूनच चाला.

थंडा_फराळ

ओव्हररनवरून गिऱ्हाइकाच्या कामाचं: डब्यावर मिली असतं, पोटात ग्रॅम जातात. मिश्रणाचं वजन लिटरला साधारण ११०० ग्रॅम, म्हणजे ५२५ च्या अटीत जास्तीत जास्त ११० टक्के हवा मावते. ५०० मिलीचा टब किमान २६२ ग्रॅम भरायला हवा. फळाचं बॅच फ्रीजरमधलं आईस्क्रीम ३०-४० टक्केच फुगतं, त्याचा तोच टब ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो. ‘फळाचं महाग का’ याचं निम्मं उत्तर वजनकाट्यावर आहे. दराचं म्हणाल तर आईस्क्रीमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला. छापील किमतीची तुलना करताना जुनं पाकीट की नवं ते बघा.

साखर_कमी

प्रोटीन आणि बिनसाखरेच्या लाटेवर कोणीच बोललं नाही.

साखर काढली की फक्त गोडी जात नाही. किलोतले १४५ ग्रॅम घनपदार्थ जातात आणि मऊपणाही जातो. नुसता सुक्रालोज टाकून केलेलं आईस्क्रीम फ्रीजरमधून वीट निघतं. माल्टिटॉल साखरेच्या जवळपास तितकाच गोड आणि गोठणबिंदूवर साखरेसारखाच वागतो, म्हणून अदलाबदल सोपी. पण पोट ढिलं करतो आणि तशी सूचना डब्यावर लागते. एरिथ्रिटॉल जास्त मऊ करतो, पण थंडीत खडे धरतो. चार-पाच टक्क्यांच्या वर नेऊ नका, उरलेला भार पॉलिडेक्स्ट्रोज किंवा इन्युलिनवर (गोडी नसल्यासारखे तंतुमय पदार्थ) टाका.

शब्द जपून छापा. ‘शुगर फ्री’ला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या आत लागते, आणि दुधात लॅक्टोज आहेच. साध्या दुधाच्या आईस्क्रीमवर तो शब्द बसत नाही. ‘साखर न घातलेलं’ हा बसतो. मधुमेह असलेल्याने दोन्हीतला फरक बघूनच घ्यावं.

प्रथिन वाढवताना व्हे पावडर (दुधाच्या निवळीतलं प्रथिन) पाश्चरायझेशनच्या आधी ७-८ टक्के घातली की ७० अंशांपुढे ती गुठळते आणि आईस्क्रीम रवाळ येतं. मिल्क प्रोटीन कॉन्सन्ट्रेट उष्णता सोसतं. ते ५० अंशांच्या दुधात अर्धा तास भिजू द्या, आणि तेवढी दूध पावडर काढा, नाहीतर पुन्हा लॅक्टोजची वाळू.

नवखा_स्कूप

शहाळ्याचा पाक करून बघितला, पट्ट्या आता मऊ आहेत. पण त्याच फ्रीजरमधलं सीताफळ चार दिवसांत कडेने बर्फाळ झालं. बेस फळाचाच होता. दुपारी दोन तास वीज जाते.

गोठा_ते_कप

कडेने झालंय म्हणजे बेस नाही, वीज. तापमान उणे १८ वरून उणे १० ला आलं की बारीक कण वितळतात, परत थंड झालं की तेच पाणी मोठ्या कणांवर जाऊन बसतं. रोज दोन तास म्हणजे रोज कण मोठे. स्टॅबिलायझर वाढवून हे थांबत नाही, नुसता चिकटपणा येतो.

वीज जायच्या आधी दोन तास थर्मोस्टॅट सगळ्यात थंड खुणेवर करा, फ्रीजर भरलेला ठेवा, रिकाम्या जागी मिठाच्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या ठेवा (लिटरला २०० ग्रॅम मीठ), त्या उणे २१ पासून उणे १३ च्या आसपासपर्यंत हळूहळू वितळत राहतात आणि बराच वेळ धरतात. मोठं युनिट असेल तर युटेक्टिक प्लेटचा (गोठलेल्या क्षारद्रावाने थंडी धरणाऱ्या पाट्यांचा) फ्रीजर. सीताफळाचे ट्रे मधल्या खणात, दाराजवळ आणि कडेला व्हॅनिला. ते सोसतं.